पडद्यावरचा काळा रंग

मागच्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात मी सूर्यमालेवर बोलणार होतो. त्यासाठी उत्कृष्ट रचनेचे बक्षीस मिळालेले एक संकेतस्थळ हौसेने निवडले. माझ्या खोलीतल्या संगणकावर ते खरोखर देखणे दिसत होते : भरपूर मोकळी जागा, बारीक करडी अक्षरे, पान सरकवले की हळूच वर येणारे ग्रह. वर्गात खिडक्यांना पडदे नव्हते. प्रोजेक्टर लावला तेव्हा ग्रह फिकट का होईना दिसले, अक्षरे मात्र दिसेनात. दुसऱ्या बाकावरच्या बाईंनी विचारले, "सर, खाली काही लिहिलंय का?"

असे का झाले? प्रोजेक्टर उजेड टाकतो, त्याला काळोख टाकता येत नाही. पडद्यावर जे काळे दिसते तिथे फक्त खिडकीचा उजेड असतो. समजा, प्रोजेक्टरचा उजेड ४ एकक आणि खिडकीचा १ एकक आहे. मग पांढरी जागा ५ एकक, काळे अक्षर १ एकक, गुणोत्तर ५:१. हे वाचता येते. आता सध्याच्या आवडीचा मध्यम करडा घ्या. तो पांढऱ्याच्या सुमारे ३२ टक्के उजेड देतो, म्हणजे अक्षर जवळजवळ २.३ एकक. गुणोत्तर उरले २.२:१. बारीक अक्षरांसाठी निदान ४.५:१ हवे, असे 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम'चे मार्गदर्शक निकष सांगतात. त्यांच्या सूत्राने पांढऱ्यावर काळे २१:१ येते आणि हाच करडा २.८५:१. म्हणजे ते पान माझ्या खोलीतच नापास होते! मजकूर मला आधीच माहीत होता, म्हणून जाणवले नाही. (देवनागरीत तर अनुस्वार आणि उकार आधी पुसले जातात.)

मग बक्षीस कसे मिळाले? या क्षेत्रातल्या 'अवॉर्ड्स' या प्रसिद्ध पुरस्काराची (नावात मुद्दाम तीन डब्ल्यू आहेत) गुणविभागणी पाहा : रचना ४० टक्के, वापरातील सोय ३०, कल्पकता २०, आशय १०. विज्ञानाच्या पेपरात उत्तराला १० गुण आणि समासाला ४० ठेवल्यासारखे हे मला वाटते. परीक्षकही बहुधा चांगल्या पडद्यासमोरच बसत असणार.

याउलट 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे' हे पान घ्या. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या खगोलशास्त्रज्ञांनी ते १६ जून १९९५ रोजी सुरू केले. तारीख, एक चित्र, खाली काळ्या अक्षरांत एक परिच्छेद. मांडणी फारशी बदललेली नाही. परिच्छेदात निळे दुवे जरा जास्तच पेरलेले असतात, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत चित्र पोचते. मुलांना आपापल्या जन्मतारखेचे चित्र शोधायला सांगा, तास पुरत नाही.

जुने तेवढे चांगले, असे मात्र मी म्हणत नाही. पान सरकवत राहण्याची जी आजची रीत आहे, तिचा अचूक उपयोग जॉश वर्थ या रचनाकाराने २०१४ मध्ये केला. त्याने चंद्राचा व्यास पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढा धरला आणि सगळी सूर्यमाला त्याच प्रमाणात आडवी मांडली. सूर्यापासून पृथ्वी सुमारे ४३,००० ठिपके दूर येते. साधारण १,९०० ठिपके रुंदीच्या पडद्यावर बावीस-तेवीस पडदे ओलांडावे लागतात आणि वाटेत बुध, शुक्र सोडले तर काळी पोकळी. इथे बोट दुखणे हाच धडा आहे! पाठ्यपुस्तकातल्या ओळीने मांडलेल्या ग्रहांच्या चित्राने ही पोकळी कधीच दाखवली नव्हती. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी खिडक्यांना चादरी लावून मी हेच दाखवले. सरकवायला एका शिक्षिकेला बसवले. शुक्रानंतर कोणीतरी "थांबा, पृथ्वी गेली वाटतं" असे ओरडले, कारण पृथ्वी जेमतेम पावणेचार ठिपक्यांची आहे. बाईंनी पान मागे घेतले आणि सगळे उठून पडद्याजवळ आले.