फोटो आला, खालची ओळ राहिली

पडद्यावरचा हा फोटो मागच्या व्याख्यानात आम्ही वरळीची बीडीडी चाळ म्हणून दाखवला होता. ब्राउझरमध्ये शोधला, राइट क्लिक, कॉपी इमेज, स्लाइडवर पेस्ट. व्याख्यान संपल्यावर वरळीत अख्खं आयुष्य काढलेले एक आजोबा पुढे आले. म्हणाले, "साहेब, ही आमची चाळ नव्हे. नायगावची आहे." कशावरून? "अहो, समोरचा रस्ता बघा ना!"

परत शोधलं. मूळ पानावर फोटोखाली स्वच्छ लिहिलं होतं, नायगाव. आम्ही चित्र उचललं आणि ओळ तिथंच ठेवून आलो.

आज टीका करायची आहे ती या सवयीवर, आणि सुरुवात स्वतःपासून केलेली बरी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या: वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. सगळ्या एकाच साच्यातल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. अशा इमारतीच्या फोटोत 'कुठली' हे सांगणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते, खालची ओळ. ती गेली की १२१ आणि ४२ मधला फरकच गेला.

आता यंत्र काय करतं बघा. 'कॉपी इमेज' म्हटलं की ब्राउझर मूळ फाइल देत नाही, तर पडद्यासाठी उलगडलेलं चित्र नव्यानं बांधून क्लिपबोर्डवर ठेवतो. कॅमेऱ्यानं फाइलमध्ये नोंदवलेली तारीख, असलीच तर, इथं गळते. फाइलचं नाव जातं. फोटोग्राफरचं नाव पानावर लिहिलेलं असतं, चित्रात नव्हे, म्हणून तेही जातं. 'सेव्ह इमेज' केलं तर निदान फाइल आहे तशी मिळते. आणि शोधाच्या यादीतलंच चित्र उचललं तर हाती येतो तो छोटा नमुना. ३०० पिक्सेल रुंदीचा नमुना चांगल्या छपाईत जेमतेम एक इंच भरतो. स्मरणिकेच्या पानभर ताणला की चेहऱ्यांच्या जागी चौकोन उरतात. अशा स्मरणिका आम्ही ढीगभर चाळल्यात. लेख जीव ओतून लिहिलेले आणि फोटो मात्र कुणाचे, कधीचे, पत्ता नाही.

एरवी चाललं असतं हो. पण जुन्या चाळी पाडल्या जातायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आत्तापर्यंत चूक पकडायला समोर खरी चाळ उभी होती, चाळ ओळखणारे आजोबा होते. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर इथं दंगल पेटली. त्या दिवसांचा म्हणून उद्या कुणी दुसऱ्याच वस्तीचा फोटो चिकटवला, तर "ही आमची नव्हे" असं म्हणणार कोण?

कॉपी करूच नका, असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही करतो. आता फक्त पानाचा पत्ता आणि खालची ओळ त्याच क्षणी स्लाइडच्या तळाशी टाकतो. अर्धं मिनिट लागतं.

आजोबांनी नंतर घरचा एक फोटो आणून दिला. मागच्या बाजूला पेनानं चाळीचा नंबर, मजला आणि वर्ष लिहिलंय. पुढच्या स्लाइडवर त्याच्या दोन्ही बाजू ठेवल्यात, बघा.