डोळ्याजवळचं ‘चिवट’ गळू: ३७ रुग्णांचा पेपर बीडमधून वाचताना

संशोधनाला लागणार असाल, तर एक जुना पेपर आकड्यांसकट वाचा: जेराल्ड हॅरिस, ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’, १९९४. विषय डोळ्याच्या खोबणीतलं गळू. सायनसमधला जंतुसंसर्ग पातळ हाडातून पलीकडे जातो आणि हाड व त्यावरचं आवरण यांच्यामध्ये पू साठतो. दाब वाढला तर नजर जाऊ शकते. मग लगेच पू काढायचा, की अँटिबायोटिक देऊन थांबायचं?

हॅरिस यांचं उत्तर वयावर उभं आहे. लहान मुलांत सायनसची तोंडं त्या मानानं रुंद, हवा खेळती, जंतू बहुधा एकाच जातीचा. वय वाढलं की पोकळी मोठी होते, तोंड तेवढं वाढत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू इतरांच्या जोडीनं ठाण मांडतात. अशी गळवं चिवट असतात. हा विचार पटण्यासारखा आहे आणि आजही वापरात आहे.

पण आकडे बघा. एकूण रुग्ण ३७, त्यांत नऊ वर्षांखालचे फक्त १२. निकाल चांगला ८३ टक्क्यांत, म्हणजे १० मुलांत. या दहांत पू न काढता बरी झालेली मुलं आहेत, तशी पू काढल्यावर कल्चर निगेटिव्ह आलेलीही आहेत. या दोन गोष्टी एक कशा? आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, तर जंतू असूनही कल्चरमध्ये उगवत नाहीत.

आता हाच पेपर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वाचतोय असं समजा. बीडमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर जातात. फडावर पोराचा डोळा सुजला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार-पाच दिवस गेले. वय सहाच, पण गळू जुनं आणि अर्धवट औषध खाल्लेलं. गार्सिया आणि हॅरिस यांनी २००० साली नजर, गळूचा आकार, जागा, दाताचा संसर्ग अशा अटी वयाला जोडल्या, हे चांगलंच. तरी ‘थांबून बघा’ म्हणजे दर काही तासांनी नजर आणि बाहुली तपासणारं माणूस हवं, बिघडलं तर रात्रीही ऑपरेशन हवं. ही सोय पेपरनं गृहीत धरली आहे.

तेव्हा ‘चिवट’ हा शब्द नुसता जंतूच्या नावावर टाकू नका. तुमच्या प्रोफॉर्म्यात वयाचा रकाना असेलच. पहिल्या सुजेपासून दाखल होईपर्यंतचे दिवस आणि आधी घेतलेली औषधं, हे दोन रकाने आहेत का, ते आजच तपासा.