न फवारलेले खाचर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलो की एक प्रयोग आम्हांला हमखास भेटतो : ‘भाताच्या करपा रोगावर नैसर्गिक उपाय’. काचेच्या बशीत बुरशी वाढवलेली असते. तिच्यात कडुलिंबाचा किंवा लसणाचा अर्क घातला की वाढ खुंटते. तक्त्यावर निष्कर्ष लिहिलेला असतो, करपा बरा होतो.

एवढी मोठी उडी आम्हांला मान्य नाही. बशीतली बुरशी उघड्यावर असते. खाचरात करप्याचा बीजाणू ओल्या पानाला चिकटतो, रुजतो आणि जोराचा दाब देऊन पानाची त्वचा भेदतो. एकदा तो आत शिरला की वरून मारलेला अर्क त्याच्यापर्यंत पोचणार कसा? शिवाय आपल्याकडच्या पावसात फवारा किती वेळ टिकतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

एका गटाने तर प्रत्यक्ष शेतात फवारणी केली होती. मुलांच्या कष्टांचे आम्हांला कौतुकच वाटले. पण फवारणी सगळ्याच खाचरांवर झाली होती! नंतर उघडीप पडली आणि करपा थांबला. ढगाळ, दमट हवा सरली की तो बहुधा आपोआपही ओसरतो. एक खाचर न फवारता ठेवले असते, तर श्रेय अर्काचे की उन्हाचे ते कळले असते. असा निष्कर्ष तक्त्यावरच राहत नाही. मूल घरी सांगते, वडील त्यावर विसंबतात आणि हंगाम हातचा जातो.

गंमत अशी, की उपयोगी पडणारे उपाय घरातच असतात. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बियाणे टाकले, की पोचट दाणे तरंगतात. रोगट दाणेही बरेचसे त्यांतच असतात. तळाचे बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. (इथे मीठ बुरशीला मारत नाही, फक्त दाणे निवडते, हे मुलांना जरूर सांगावे.) दुसरा उपाय तुसाच्या काळ्या राखेचा. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत ती रोपवाटिकेत मिसळतात. तिच्यातली सिलिका पानाच्या त्वचेत साठते आणि बुरशीला आत शिरणे जड जाते. राबाच्या राखेतही गवत-पेंढ्यातली सिलिका थोडीफार येतेच.

राखेचा प्रयोग शाळेच्या आवारात दोन कुंड्यांत करता येईल, एक राखेची आणि एक बिनराखेची. कर्जतचे भात संशोधन केंद्र बदलापूरहून लोकलने जवळ आहे. मुलांना तिथे न्यावे आणि उपचार न केलेला वाफा कोणता, हे आधी विचारायला लावावे.