शोभणे आणि नेसणे : 'कायापालटा'च्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांची भाषा

वेष आणि भाषा यांची तुलना नवी नाही. पण ती नुसती उपमा म्हणून करणे वेगळे आणि पद्धती म्हणून स्वीकारणे वेगळे. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ मध्ये वेषाच्या इतिहासावर लिहिताना ती पद्धती म्हणून स्वीकारली. सोस्यूरने भाषाव्यवस्था आणि व्यक्तीचा भाषाव्यवहार यांत जो भेद केला होता, तोच बार्थने समाजमान्य पोशाख आणि व्यक्तीचे प्रत्यक्ष पोशाख करणे यांच्यात पाहिला. पुढे १९६४ च्या चिन्हमीमांसेवरील निबंधात त्याने या दुसऱ्या अंगाचा तपशील दिला. कपड्याचे माप, त्याचा स्वच्छपणा किंवा झिजलेपणा, माणसाच्या खास लकबी, दोन कपडे एकत्र घालण्यातील त्याची स्वतंत्र निवड हे सारे त्याच्या मते वेषाचे 'बोलणे' होय. ज्याला आपण एखाद्याची वेषशैली म्हणतो ती या झिजलेल्या, ढिल्या, लकबींनी भरलेल्या प्रदेशातच वसते. माणसाचा पोशाख सुधारण्याची प्रतिज्ञा करणारे दूरचित्रवाणी-कार्यक्रम याच प्रदेशात काय करतात, हे त्यांच्या भाषेवरून तपासून पाहण्यासारखे आहे.

या प्रकारातील नमुनेदार कार्यक्रम म्हणजे 'व्हॉट नॉट टू वेअर'. बीबीसीने तो २००१ मध्ये सुरू केला आणि २००७ पर्यंत चालविला. ट्रिनी वुडॉल आणि सुझॅना कॉन्स्टंटाइन या त्याच्या मूळ सूत्रधार. 'डेली टेलिग्राफ'मधील वेषविषयक सदरामुळे त्या आधीच वाचकांच्या परिचयाच्या होत्या. टीएलसी वाहिनीवर २००३ ते २०१३ या काळात त्याची अमेरिकी आवृत्ती झाली. तिच्या आरंभीच्या पर्वापासून स्टेसी लंडन होती, आणि लवकरच क्लिंटन केली तिचा सहकारी झाला. अमेरिकी आवृत्तीचा साचा ठरलेला होता. मित्र, नातलग किंवा सहकारी एखाद्या व्यक्तीचे, बहुधा स्त्रीचे, नाव सुचवीत. तिच्या नकळत दोन आठवडे तिचे चित्रण होई. मग सूत्रधार अचानक पुढे उभे राहून तिला ५००० डॉलरचे कार्ड देऊ करीत. अट एकच : जुने सगळे कपडे स्वाधीन करायचे आणि नवी खरेदी त्यांच्या नियमांनी करायची. चहूबाजूंनी आरसे असलेल्या खोलीत तिला तिच्याच कपड्यांत उभे करून प्रश्न विचारले जात, मग ते कपडे एकेक करून कचऱ्याच्या पिंपात जात. शेवटी केशरचना, प्रसाधन, आणि नव्या रूपात आप्तांपुढे आगमन.

शीर्षकापासूनच आरंभ करणे बरे. मराठीत त्याचे सरळ रूप 'काय घालू नये' असे होईल. इंग्रजी आणि मराठी दोन्ही रचनांत कर्ता नाही. कोणी घालू नये हे त्यात नाही, आणि कोणाच्या मते घालू नये हेही नाही. 'हे घालू नकोस' असे कोणी म्हटले तर बोलणारा समोर असतो, त्याला 'का?' म्हणून विचारता येते, प्रसंगी त्याच्याशी भांडता येते. 'घालू नये' हे मात्र शास्त्रवचन होते. व्रतवैकल्यांच्या पोथ्यांत आणि शालेय व्याकरणांत हाच प्रयोग सर्रास आढळतो, आणि त्याचे कारणही तेच आहे : नियम सांगणारा दिसेनासा झाला की नियम वस्तूच्या स्वभावातून आल्यासारखा वाटतो.

सूत्रधारांचे नियम सांगण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. अमेरिकी आवृत्तीत नियम नुसते बोलून सांगत नसत. नवे पोशाख चढविलेले पुतळे मांडून ठेवलेले असत आणि प्रत्येक पुतळा एका नियमाचे उदाहरण असे. बार्थने छायाचित्रातील पोशाखाविषयी म्हटले होते की तो कोणातरी व्यक्तीच्या अंगावर असतो खरा, पण ती व्यक्ती तिच्या सामान्यपणासाठीच निवडलेली असते. तिथले 'बोलणे' गोठलेले असते. पुतळा ही त्या गोठण्याची पुढची पायरी. त्याला लकब नसते, घाम येत नाही, त्याचा कोपर बाहीला घासत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातील 'राम आंबा खातो' हे वाक्य जसे कोणीच कधी कोणाला उद्देशून उच्चारलेले नसते, तसा हा पोशाख कोणी कधी घातलेला नसतो. त्यानंतर दोन दिवसांची न्यूयॉर्कमधील खरेदी. पहिल्या दिवशी ती स्त्री एकटीच दुकानांतून हिंडे आणि तिच्या चुका सूत्रधार पडद्यावर पाहत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन दुरुस्ती करीत. परकी भाषा शिकविणाऱ्या वर्गाची ही हुबेहूब रचना आहे. फरक इतकाच की त्या वर्गातला विद्यार्थी परकी भाषा शिकायला आपण होऊन आलेला असतो, आणि घरी गेल्यावर त्याची बोली त्याला परत मिळते.

या कार्यक्रमांच्या शब्दकोशातील लाडका शब्द म्हणजे 'फ्लॅटरिंग'. मूळ क्रियापदाचा अर्थ खुशामत करणे. कपडा शरीराची खुशामत करतो, म्हणजे ते नाही तसे दाखवितो. ज्या कार्यक्रमाची प्रतिज्ञा सहभागी व्यक्तीचे 'खरे रूप' बाहेर काढण्याची आहे त्याच्या मुख्य स्तुतिपदात हा अर्थ दडलेला असावा, ही गंमत सोडून देण्यासारखी नाही. पण त्याहून महत्त्वाची आहे ती वाक्यरचना. कपडा हा कर्ता, शरीर हे कर्म, आणि निवाडा करणारा वाक्याबाहेर.

मराठीत या रचनेचा शोध घेतला तर फळ अधिकच लाभते. अंगावर वस्त्र धारण करण्यासाठी मराठीत नेसणे, घालणे, पांघरणे, लेणे अशी क्रियापदे आहेत. या सर्वांचा कर्ता माणूस. नेसणे तर याबाबतीत विशेष हट्टी आहे. 'तिने झगा घातला' यात क्रियापद झग्याप्रमाणे चालते, पण 'ती लुगडे नेसली' यात भूतकाळातही नेसणारीचाच अंमल राहतो. उलट 'शोभणे' घ्या. 'तिला हे लुगडे शोभते' या वाक्यात लुगडे कर्ता झाले आणि ती चतुर्थीत गेली. निवड करणारी आता स्वीकारणारी झाली. शिवाय 'शोभणे' एकाच वेळी दोन निवाडे देते. 'हा रंग तुला शोभत नाही' आणि 'हे वागणे तुला शोभत नाही' या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. सौंदर्य आणि औचित्य त्यात असे एकजीव झाले आहे की सांधा सापडू नये. 'बरे दिसत नाही' या घरोघरच्या वाक्यातही तोच प्रकार. कोणाला बरे दिसत नाही हे त्यात कधीच सांगितले जात नाही, आणि ऐकणाऱ्या मुलीने ते कधी विचारायचेही नसते. मराठीने एका धातूत जे साधले ते साधायला 'व्हॉट नॉट टू वेअर'ला तासाभराचा प्रयोग लागतो. आरशांच्या खोलीचे कार्य तरी दुसरे काय आहे? तिथे बोलतात सूत्रधार, पण बोलल्यासारखा वाटतो तो आरसा.

ब्रिटिश आवृत्तीत हा आडपडदा कमी होता. वुडॉल आणि कॉन्स्टंटाइन यांचे त्याच नावाचे पुस्तक २००२ मध्ये निघाले. त्याची प्रकरणे शरीराच्या न्यूनांनुसार पाडली आहेत : मोठे दंड, आखूड पाय, नसलेली कंबर, आखूड मान. वेषावरच्या पुस्तकात वस्त्रांचे वर्गीकरण अपेक्षित असते. इथे वर्गीकरण दोषांचे आहे आणि वस्त्र हे औषध. अँजेला मॅक्रॉबी यांनी २००४ मधील आपल्या लेखात या कार्यक्रमाकडे वर्गसंबंधाच्या दृष्टीने पाहिले. पिएर बूर्दिय याची 'प्रतीकात्मक हिंसा' ही कल्पना वापरून त्यांनी दाखविले की मध्यम व वरच्या थरातील स्त्रिया खालच्या थरातील स्त्रियांच्या राहणीची जाहीर अवहेलना करतात आणि विनोदाच्या आवरणामुळे ती खपून जाते. हे निदान ब्रिटिश आवृत्तीला चपखल बसते. अमेरिकी आवृत्तीला मात्र ते तसेच लावल्यास अन्याय होईल. तिथल्या सूत्रधारांच्या थट्टेत जिव्हाळा होता, आणि सहभागी होणाऱ्या सगळ्याच स्त्रिया कष्टकरी थरातील नव्हत्या. तरीही तिथे कपडे पिंपात गेलेच. म्हणजे अवहेलना वजा केल्यावरही काहीतरी शिल्लक उरते, आणि मॅक्रॉबींच्या उपपत्तीत ते पुरतेपणी सामावत नाही.

त्याकडे वळण्यापूर्वी एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य ठरेल. खासगी भाषा जशी संभवत नाही, तशी निव्वळ खासगी वेषशैलीही संभवत नाही. ज्या ढगळ सदऱ्याला एखादी स्त्री 'माझी शैली' म्हणते तोही कोणत्यातरी कारखान्याने, कोणत्यातरी काळच्या फॅशनने तिच्यापर्यंत पोचविलेला असतो. मग तिच्यावर बाहेरचा दाब आला अशी तक्रार कशासाठी? शिवाय कित्येक सहभागी स्त्रियांना झालेला आनंद खोटा नव्हता. वर्षानुवर्षे मुलांपायी स्वतःकडे पाहायला सवड न मिळालेली आई आरशासमोर क्षणभर थबकते, तेव्हा तिच्या डोळ्यांतील पाण्याला विचारसरणीचा भ्रम म्हणून हसणारी समीक्षा स्वतःच सूत्रधारांच्या आसनावर जाऊन बसते. नोकरीच्या मुलाखतीला कसे कपडे घालून जावे हे कळणे, प्रमाणभाषा येण्याइतकेच उपयोगी आहे. ज्याला ती येत नाही त्याला ती नाकारणे ही काही त्याच्या स्वत्वाची जपणूक नव्हे.

आक्षेप मान्य करूनही प्रश्न उरतो, आणि तो पिंपाचा आहे. प्रमाणभाषा शिकविण्यासाठी बोली विसरायला लावण्याची गरज नसते. ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी वर्गात 'मला पाहिजे' म्हणायला शिकतो आणि घरी 'मला पायजे' म्हणतो; दोन्ही त्याच्याजवळ असतात म्हणूनच केव्हा कोणते वापरावे ही निवड त्याच्या हाती येते. शैली म्हणजे पर्यायांतून केलेली निवड, हे शैलीविज्ञानाचे पहिले गृहीत आहे. पर्यायच उरला नाही तर उरते ते शुद्धलेखन. तेव्हा पोशाखाची एक नवी रीत शिकविणे एवढाच हेतू असता तर ५००० डॉलरचे नवे कपडे जुन्यांच्या शेजारी टांगता आले असते. कपाट मोठे करता आले असते. पण कार्यक्रमाचा करार नेमका याच्या उलट आहे, आणि तो करार वगळला तर कार्यक्रमच उरत नाही. सबंध खेळातील सर्वांत अर्थपूर्ण कृती खरेदी नव्हे, स्वाधीन करणे ही आहे.

पिंपासमोरचे संवाद म्हणूनच सर्वाधिक बोलके आहेत. एखादी स्त्री एखादा कपडा परत मागते. तिची कारणे आठवणींची असतात : कोणी दिला, कुठे घेतला, तो अंगावर असताना काय घडले. सूत्रधारांची कारणे आकाराची असतात : खांदा उतरतो, कंबर दिसत नाही, वयाला साजत नाही. हे दोन पक्ष वाद घालीत आहेत असे वाटते, पण वस्तुतः ते दोन निराळ्या भाषांत बोलत आहेत. एका भाषेत कपड्याला भूतकाळ आहे, दुसरीत फक्त बाह्यरेषा. बार्थने ज्याला वेषाच्या बोलण्यात जमा केले तो झिजलेपणा पहिल्या भाषेत पुरावा ठरतो आणि दुसरीत गुन्हा.

ब्रेंडा वेबर यांनी 'मेकओव्हर टीव्ही' (२००९) या ग्रंथात दाखविले आहे की या कार्यक्रमांत 'आधीच्या' देहाला जणू स्वत्वच नसते. ते 'नंतरच्या' देहालाच बहाल केले जाते, आणि लाजविणे व माया करणे या दोन्ही साधनांनी सहभागी व्यक्तीला तिथवर आणले जाते. मराठीला या प्रकारासाठी अद्याप नेमका शब्द सापडलेला नाही. 'कायापालट' म्हणावे तर पालटतो तो बहुतांशी वेष. 'वेषांतर' म्हणावे तर मराठीत त्याचा अर्थ आपली ओळख लपविणे असा होतो. कार्यक्रमाचा दावा ओळख प्रकट करण्याचा आहे, हे लक्षात घेता मराठीची ही अडचण भाषेचे दारिद्र्य समजण्याचे कारण नाही.

निंदेचा सूर काढून टाकल्यास काय होते, याचा प्रयोगही झाला. चॅनल फोरवरील २००६ मधील 'हाऊ टू लुक गुड नेकेड' या कार्यक्रमात गॉक वान याने स्त्रियांना दोष न दाखविता त्यांच्याच देहावर प्रेम करायला सांगितले. स्वतःच्या आकाराचा अंदाज करून इतर स्त्रियांच्या रांगेत आपली जागा शोध, असे तो सांगे. ती स्त्री हमखास स्वतःला आहे त्याहून स्थूल समजत असे. हा प्रसंग खरोखर सहृदय होता. तरीही शीर्षकातील क्रियापद 'दिसणे' हेच राहिले, आणि कोणाला दिसणे हे पूर्वीसारखेच अनुक्त.

२०२५ मध्ये लंडन आणि केली पुन्हा एकत्र आले. प्राइम व्हिडिओवरील त्यांच्या नव्या कार्यक्रमाचे नाव 'वेअर व्हॉटएव्हर द एफ यू वॉन्ट', म्हणजे, त्यातील शिवीचे आद्याक्षर वगळता, 'तुला हवे ते घाल'. आता नियम सांगायचे नाहीत, समोरच्याला जसे व्हायचे आहे तसे होण्यास साहाय्य करायचे, अशी त्यांची भूमिका आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे स्थित्यंतर लहान नाही. बावीस वर्षांपूर्वी शीर्षकात कर्ता नव्हता. आता 'तू' आली, आणि ती 'हवे असणे' या क्रियेची धनीण म्हणून आली. मात्र 'घाल' हा आज्ञार्थच आहे, आणि आज्ञार्थातील परवानगी देण्यासाठीही परवानगी देणारा लागतो. ती देणारी माणसे तीच आहेत.