‘उत्तरदायित्व’ आणि ‘दायित्व’ : कंपनी-कायद्याच्या परिभाषेची चिकित्सा

कायद्याच्या परिभाषेचा विचार बहुधा कायदेपंडितांवर सोपविला जातो. तथापि परिभाषा ही प्रथम भाषा असते. तिच्यातील शब्दांची अर्थकक्षा कोठे रुंदावते व कोठे आक्रसते हे पाहणे भाषाभ्यासकाचेही काम आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमामुळे रूढ झालेली ‘सामाजिक उत्तरदायित्व’ ही संज्ञा ह्या दृष्टीने परीक्षणीय ठरते. पर्यावरणाच्या रक्षणाविषयी उद्योगसंस्थांवर नेमका कोणता भार आहे, ह्याविषयीची लोकांची समजूत पुष्कळ अंशी ह्याच संज्ञेने घडविली आहे.

‘उत्तरदायित्व’ हा ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ ह्या इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘उत्तर देणे’ ह्या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. फारसीच्या द्वारे मराठीत स्थिरावलेल्या ‘जबाबदारी’तही ‘जबाब’ आहेच. म्हणजे तिन्ही शब्दांचा गाभा एकच : ज्याच्या कृतीचा परिणाम दुसऱ्यास भोगावा लागतो, त्याने त्या कृतीविषयी विचारणा झाल्यास उत्तर दिले पाहिजे. वृत्तपत्रांतून व शासकीय पत्रकांतून मात्र ‘सामाजिक दायित्व निधी’ असा प्रयोग वारंवार आढळतो. पूर्वपद गळाले, उरले ते केवळ ‘दायित्व’, अर्थात देणारा असण्याचा भाव. जमाखर्चाच्या परिभाषेत ‘मत्ता आणि दायित्वे’ ह्या जोडीमुळे त्या शब्दास पैशाच्या देण्याचा अर्थ अगोदरच चिकटलेला होता. त्यात ‘निधी’ची भर पडताच उत्तर मागे पडले आणि देणे पुढे आले.

समासाचे पूर्वपद गळणे ही भाषेतील नित्याची घटना आहे; केवळ तिच्यावरून कोणाच्या हेतूविषयी अनुमान काढणे अशास्त्रीय होईल. परंतु येथे शब्दाचा संकोच आणि कायद्याच्या पाठाची रचना ह्यांची दिशा एकच आहे. अधिनियमाच्या कलम १३५ चे मुख्य क्रियापद ‘खर्च करणे’ हे आहे. निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये वा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, ह्यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करावेत, असा २०१३ च्या मूळ पाठाचा आशय आहे. रक्कम खर्च न झाल्यास संचालक मंडळाने कारणे नमूद करावयाची होती. म्हणजे उत्तर मागितले होते, पण ते न वेचलेल्या पैशाविषयी. जानेवारी २०२१ पासून अशी रक्कम विहित निधीत वा स्वतंत्र खात्यात वर्ग करणे बंधनकारक झाले. बंधन दृढ झाले खरे, परंतु ते रकमेचे.

पर्यावरणाचा समतोल, वनस्पती व प्राणी ह्यांचे रक्षण, माती, हवा व पाणी ह्यांची गुणवत्ता ही सर्व अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत खर्चाच्या बाबी म्हणून येतात. उलट, व्यवसायाच्या नित्य क्रमात केलेले काम आणि अन्य कायद्यांनी घातलेल्या बंधनांची पूर्तता ही नियमांनी ह्या व्याख्येतून वगळली आहेत. हा अपवाद हेतुतः योग्यच आहे. अन्यथा १९७४ च्या जलप्रदूषण-प्रतिबंधक कायद्यानुसार करावयाची सांडपाण्याची शुद्धीही समाजसेवा म्हणून खर्ची पडली असती. परंतु त्याचा भाषिक परिणाम लक्षणीय आहे. ‘उत्तरदायित्व’ हे नाव ज्यास मिळाले, त्या व्यवस्थेत कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यास व स्वतःच्या सांडपाण्यास स्थान नाही. दूरच्या टेकडीवरील वृक्षारोपण मात्र तेथे बसते.

त्याच अधिनियमाचे कलम १६६ वेगळी भाषा बोलते. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात संचालकाचे कर्तव्य सांगितले आहे, आणि तेथे नफ्याची वा उलाढालीची कसलीही अट नाही. वाक्यरचनाही अर्थपूर्ण आहे. कंपनी, कर्मचारी, भागधारक आणि समाज ह्यांच्या संदर्भात ‘हित’ हा शब्द योजिला आहे. पर्यावरणासाठी मात्र ‘संरक्षण’ हा स्वतंत्र शब्द असून त्याची अन्वययोजनाही निराळी आहे. पर्यावरण हे तुलनेने तोलावयाच्या अनेक हितांपैकी एक नसून निर्णयाचे एक स्वतंत्र प्रयोजन आहे, असा अन्वयार्थ ह्या रचनेतून काढता येतो. खरे उत्तरदायित्व येथे आहे. नाव मात्र कलम १३५ ने नेले.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, ह्याची साक्ष भोपाळ देते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुगळतीनंतर, १९८९ साली युनियन कार्बाइडने तडजोडीपोटी ४७ कोटी डॉलर दिले. तथापि कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये. देणे झाले, पण कचऱ्याचे काय ह्या प्रश्नाचे उत्तर साडेतीन दशके मिळाले नाही.

माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या खटल्यात १९ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सामाजिक उत्तरदायित्वात पर्यावरणाचे उत्तरदायित्व अंगभूतच असल्याचे सांगितले, आणि त्यास संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मधील मूलभूत कर्तव्याचा आधार दिला. असा खर्च ऐच्छिक दानधर्म नव्हे, हे न्यायालयाचे प्रतिपादन मोलाचे आहे. मात्र कर्तव्यपूर्तीचे माप म्हणून पुन्हा निधीच पुढे आला, तर ‘कर्तव्य’ ह्या शब्दाचीही ‘दायित्वा’सारखीच गत होण्याचा संभव आहे.

म्हणून परिभाषेत एक विवेक आवश्यक वाटतो. कलम १३५ अन्वये जे होते त्यास ‘सामाजिक व्यय’ म्हणावे; त्यात कमीपणा काहीच नाही. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द मात्र कलम १६६ च्या कर्तव्यासाठी, त्याच्या पूर्वपदासह, राखून ठेवावा. जेथे उत्तर मागता येत नाही तेथे तो शब्द वापरणे हा अर्थाचा अपव्यय होय.