शुद्धी की प्रक्षेप? : गोव्याच्या प्रादेशिक आराखड्याची पाठचिकित्सा

सरकारी आराखडा हा समीक्षेचा विषय कसा होऊ शकतो, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्यात रस नाही, अलंकार नाही, लेखकाचे नावही बहुधा नसते. पण तो मजकूर आहे. त्याची स्वतःची परिभाषा आहे, त्याच्या आवृत्त्या निघतात, त्यात पाठभेद शिरतात. शिवाय कोणत्याही कवितेपेक्षा त्याचा परिणाम अधिक रोकडा असतो. नकाशावर ज्या तुकड्याला ‘भातशेती’ म्हटले आहे तिथे ‘वसाहत’ हा शब्द आला, की त्या तुकड्याची किंमत, त्याचे पाणी आणि शेजारच्या वाड्याचे भवितव्य एका दिवसात बदलते. म्हणूनच गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा 2021’ आणि त्यानंतरचे त्यातले बदल पाठचिकित्सेच्या अंगाने वाचून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

तीन आवृत्त्या

गोव्यातले नियोजन 1974च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली चालते. संपूर्ण राज्याचा पहिला प्रादेशिक आराखडा 1986 साली लागू झाला. त्याची नजर 2001पर्यंत होती. दुसरा, म्हणजे 2011चा आराखडा, अधिसूचित झाला तो ऑगस्ट 2006मध्ये. ज्या सालासाठी तो लिहिला गेला ते साल जेमतेम पाच वर्षांवर आले होते. डोंगरउतार, बागायती आणि किनाऱ्यालगतच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर वसाहतीसाठी मोकळ्या झाल्याचे नकाशे वाचल्यावर लोकांच्या ध्यानात आले. डिसेंबर 2006मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर ‘गोवा बचाव अभियाना’ची मोठी सभा झाली आणि जानेवारी 2007मध्ये सरकारला हा आराखडा मागे घ्यावा लागला.

या घटनेचे राजकीय वर्णन पुष्कळ झाले आहे. मला तिच्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. गावातली माणसे सर्व्हे नंबर हातात घेऊन सरकारी नकाशा वाचू लागली, आपल्या टेकडीचा रंग का बदलला असे विचारू लागली. नियोजनाच्या मजकुराला गोव्यात वाचक मिळाला तो तेव्हा.

तिसरी आवृत्ती या वाचकाची दखल घेऊन लिहिली गेली. 2007मध्ये कृती दल नेमले गेले. वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैया आणि नगररचनाकार एडगर रिबेरो यांच्यासारखी जाणकार माणसे त्यात होती. मसुद्याचे नकाशे पंचायतींकडे गेले, ग्रामसभांतून सूचना आल्या, आणि 2010-11मध्ये तालुकावार अंतिम आराखडे अधिसूचित झाले. 3702 चौरस किलोमीटरच्या राज्यातला सुमारे 80 टक्के भाग ‘इको-1’ आणि ‘इको-2’ या दोन संरक्षित वर्गांत टाकण्यात आला. उरलेल्या भागात वसाहत, उद्योग, रस्ते.

परिभाषेचे अपुरेपण

या आराखड्याबद्दल आदर बाळगूनही त्याच्या भाषेबद्दल बोलले पाहिजे. अहवाल इंग्रजीत लिहिला गेला, आणि जमिनीचे वर्गीकरणही त्याच भाषेच्या सवयीने झाले. गोव्याच्या गावाकडे जमिनीसाठी आधीच एक काटेकोर शब्दसंग्रह आहे. भाताची जमीन म्हणजे नुसती भाताची जमीन नव्हे. वरच्या अंगाची ती मोरड, मधल्या रेताड पट्ट्यातली ती खेर, भरतीच्या पाण्याला बांध घालून कमावलेली ती खाजन. माडांचे ते भाट, पोफळी-मिरीचे ते कुळागर, वरचे जांभ्या दगडाचे पठार तो सडा. यातल्या प्रत्येक शब्दात मातीइतकीच पाण्याची माहिती आहे. सड्यावर मुरलेले पाणी झर होऊन खाली कुळागराला मिळते, हे ज्याला ठाऊक आहे तो सडा ‘पडीक’ म्हणणार नाही.

आराखड्याच्या सूचीत हे शब्द ‘भातशेती’, ‘बागायत’, ‘नैसर्गिक आच्छादन’ अशा सपाट नावांत विरघळले. त्याचा तोटा खाजनाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. खाजन ही एकसंध व्यवस्था आहे. बांध, भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, आतले पोय, भात, मासळी आणि कडेची मिठागरे या सर्वांचे पाणी एकच. गोव्यात अशी जमीन सुमारे 18 हजार हेक्टर मानली जाते. आराखड्यात मात्र खाजनातले भात पहिल्या वर्गात आणि मिठागर दुसऱ्या वर्गात गेले. कागदावर ही केवळ श्रेणी आहे. प्रत्यक्षात मिठागरात भर पडली की शेजारच्या भाताचे पाणी तुंबते. ज्या शब्दाने दोन्ही एकत्र बांधले होते तो शब्द यादीत गौण झाला, की तुकडे वेगळे काढणे सोपे होते.

तरीही ही आवृत्ती आधीच्या दोन्हींपेक्षा सरस होती, याचे कारण तिची प्रक्रिया. संपूर्ण गावाचा नकाशा संपूर्ण गावासमोर एकदा तरी मांडला गेला होता.

‘चूक’ या शब्दाचा प्रवास

2012मध्ये सरकार बदलले आणि हा आराखडा स्थगित ठेवण्यात आला. पुढे तो हळूहळू पुन्हा वापरात आला, पण त्याची नवी सर्वंकष आवृत्ती निघाली नाही. आज त्याच्या नावातले सालही उलटून गेले आहे. मधल्या काळात आराखडा बदलला नाही असे मात्र नाही. तो अद्ययावत होत राहिला, पण सर्व्हे नंबरागणिक. 2018मध्ये कायद्यात 16-ब हे कलम आले आणि अर्जदाराच्या विनंतीवरून झोन बदलण्याची वाट उघडली. 2023मध्ये कलम 17चे उपकलम 2 आले, 2024मध्ये 39-अ.

यातले 17(2) भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका सुधारणे आणि विसंगत झोन-प्रस्ताव दुरुस्त करणे, असा त्याचा हेतू सांगितला आहे. वाचताना कोणाचीही हरकत असू नये. चूक आहे तर सुधारावी. पण पुढे राजपत्रांत प्रसिद्ध झालेल्या सूचना एकापाठोपाठ एक वाचल्या की त्यांचा एक साचा जाणवू लागतो : गाव, तालुका, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आराखड्यातला सध्याचा झोन, आणि त्या जागी येणारा झोन. सध्याच्या रकान्यात भातशेती, बागायत, नैसर्गिक आच्छादन, उतारावरील विकासबंदी. नव्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द : वसाहत. या तक्त्याला उताराचा रकाना नाही, पाण्याचा नाही, शेजाऱ्याचा नाही.

नकळत झालेल्या चुका सहसा दोन्ही बाजूंनी होतात. नकलाकाराच्या हातून कधी अक्षर गळते, कधी जास्तीचे पडते. इथे जवळपास प्रत्येक चूक एकाच दिशेची निघावी आणि तिची दुरुस्ती प्रत्येक वेळी बांधकामाकडे जावी, हे अनवधानाचे लक्षण नव्हे.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. शके 1506मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरामुळे आणि नकलांमुळे मूळ ग्रंथात अशुद्धे शिरली होती. ती काढण्यासाठी त्यांनी प्रती ताडून पाहिल्या, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असे बजावले. शुद्धी आणि प्रक्षेप यांतला भेद त्यांनी जपला. शुद्धी करणारा मूळ पाठ काय होता याचा पुरावा देतो. प्रक्षेप करणारा आपला मजकूर मूळचाच म्हणून आत सरकवतो.

हीच कसोटी आराखड्याला लावता येते. एखाद्या तुकड्यावर आराखडा लिहिताना जुने घर उभे होते आणि नकाशात तिथे शेत दाखवले गेले, तर ती चूक आहे. भूमापनाचा नकाशा, जुनी घरपट्टी, नमुना एक व चौदा, उपग्रहाचे चित्र या तिच्या ताडून पाहण्याच्या प्रती. पण ज्या तुकड्यावर तेव्हा भात होते, आजही भात आहे आणि उद्या इमारत हवी आहे, तिथे सुधारण्यासारखे काही चुकलेलेच नाही. मालकाची इच्छा बदलली आहे. इच्छा बदलणे गुन्हा नव्हे, पण तिला ‘दुरुस्ती’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. गोव्यातल्या सामान्य बोलण्याने तो केव्हाच ओळखला होता. वर्तमानपत्रे आणि ग्रामसभा या प्रकाराला दुरुस्ती म्हणत नाहीत, ‘भूरूपांतर’ म्हणतात.

13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या उपकलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. उपकलम राहिले, पण त्याचा अर्थ आवळला गेला. निकालाचा कायदेशीर पैलू तज्ज्ञांनी उलगडावा. वाचक म्हणून मला त्यात एका शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळाल्यासारखे वाटले. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. 39-अ खाली झोन बदलण्यासाठी तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते, हे 17(2)पेक्षा बरे. तरी एकक तेच राहते, सुटा तुकडा. दहा तुकड्यांच्या दहा सूचनांना दहा वेगळे हरकतदार मिळतात. त्या दहांची बेरीज होऊन टेकडीचे काय होणार, हे कोणत्याच सूचनेत वाचायला मिळत नाही.

गावाचा अधिकार कुठे आहे?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मुलासाठी वडिलोपार्जित भाटात चार खोल्या बांधू पाहणारा माणूस वर्षानुवर्षे खात्याचे उंबरे झिजवतो, आणि आराखडा स्थगित असल्याने त्याला उत्तर मिळत नाही. सर्वंकष फेरविचार होत नसेल तर त्याने काय करावे? हा प्रश्न खरा आहे. पण त्याच्या नावाने उघडलेल्या दारातून मोठे क्षेत्र आधी आत जाते, हेही खरे. ग्रामसभा नेहमीच शहाणी असते असेही नाही. तिथे गट आहेत, दलाल आहेत, जमीन विकून बसलेले आहेत. मात्र तिथे जे घडते ते सर्वांदेखत घडते, एवढा तिचा गुण निर्विवाद आहे.

अडचण अशी की ग्रामसभेला यात कायद्याने फारसे स्थान नाही. नियोजनाचा कायदा 1974चा. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73वी घटनादुरुस्ती त्यानंतर अठरा वर्षांनी आली. आणि त्या दुरुस्तीतही एक चमत्कारिक मौन आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि जमीनवापराचे नियमन हे पहिले दोन विषय आहेत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत शेती आहे, जमीनसुधारणा आहे, मृदसंधारण आहे. जमीनवापराचे नियोजन नाही. जमिनीवर जगणाऱ्या गावाला जमिनीचा वापर ठरवण्याचा विषयच सोपवलेला नाही. 2021च्या आराखड्यावेळी ग्रामसभांना विचारले गेले ते कृती दलाच्या आणि तेव्हाच्या सरकारच्या धोरणामुळे, गावाच्या हक्कामुळे नव्हे. पुढच्या सरकारला ते मोडायला कष्ट पडले नाहीत, याचे कारण हेच.

म्हणून नव्या आवृत्तीची मागणी करताना काय मागायचे, हे नीट ठरवले पाहिजे. पहिले, ठरावीक मुदतीने संपूर्ण गावाच्या नकाशाचा फेरविचार व्हावा, आणि त्यात ग्रामसभेचे स्थान धोरणात न राहता कायद्यात यावे. दुसरे, मधल्या काळात फक्त पुराव्याने सिद्ध झालेली चूक सुधारावी; तो पुरावा सूचनेसोबतच छापावा. तिसरे, प्रत्येक पंचायतीत एक चालू नोंदवही असावी. आजवर या गावात किती चौरस मीटर जमीन कोणत्या झोनमधून कोणत्या झोनमध्ये गेली, याची बेरीज कोणालाही एका पानावर दिसावी. चौथे, आराखड्याच्या नकाशावर खाजन, मोरड, सडा, कुळागर ही नावे असावीत, आणि नकाशासोबतचा मजकूर कोकणी व मराठीत असावा.

यातली शेवटची मागणी सर्वांत हलकी समजली जाईल, याची कल्पना आहे. पण ज्या नकाशावर मानस आणि बांध दाखवले आहेत, तिथे मिठागराचा सर्व्हे नंबर एकटा काढून त्याला ‘विसंगत’ ठरवणे अवघड जाते. मानशीपाशी उभा असलेला शेतकरी तो नकाशा वाचू शकतो, आणि कोणाची ओवी आपल्या पोथीत शिरली आहे ते तिथल्या तिथे सांगू शकतो.