एका घरातल्या दोन हाका

मराठी घरांतल्या पुस्तकांच्या कपाटात एक नवल गेली नव्वद वर्षे सुखाने नांदत आहे. ज्या घरात दिवाळीला लक्ष्मीपूजन होते, चतुर्थीला मोदक होतात, त्याच घरात एका ख्रिस्ती बाईचे आत्मचरित्र मोठ्या जिव्हाळ्याने वाचले जाते. सासू ते सुनेला देते, आई लेकीला देते. त्या पुस्तकात धर्मांतर आहे, धर्मप्रसार आहे, मिशन आहे, बायबल आहे. आणि तरी ते वाचताना आपल्याला कोणी उपदेश करीत आहे असे कोणालाच वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मी बोलत आहे, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याच्या विनोदाची, निर्भीडपणाची आणि साध्या भाषेची स्तुती अखंड चालू आहे. ती सर्व खरी आहे. परंतु या स्तुतीच्या गर्दीत पुस्तकाचा गाभा थोडा झाकून गेला आहे, असे मला वाटते. ‘स्मृतिचित्रे’ हे एका हाकेचे पुस्तक आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी तिला पाचारण म्हणतात. देव माणसाला बोलावतो आणि आपल्याला लाभलेले दुसऱ्यांना वाटायला पाठवतो, अशी ती कल्पना. ही हाक नवऱ्याला ऐकू आली आणि बायकोला आली नाही, तर त्या घराचे काय होते? या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर मराठीत दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दिलेले नाही.

प्रथम नवऱ्याची हाक पाहू. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. संस्कृताचा व्यासंग, कवित्वाची देणगी, देशाची तळमळ आणि एका जागी न ठरणारा पाय, अशी त्यांची घडण. हिंदुस्थानाला वर काढील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून होता. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला काही काळ काढून ते १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे निघाले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गोष्टी निघाल्या. त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना तेव्हा ते पटले नाही. पण घेतलेले पुस्तक वाचायचेच म्हणून ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचे नाव त्यांना माहीत नव्हते.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. आज त्या शहराला आणि जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तेथे ठाणे घातले होते आणि मिशनचे ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ मध्ये तेथेच सुरू झाले होते. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक माहेरच टिळकांना मिळाले. त्या वाङ्मयात धर्मांतराची कहाणी कशी सांगायची याचा एक पायंडाही पडलेला होता. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये निघाले होते. ते प्रांजळ पुस्तक आहे, आजही वाचावे असे आहे. पण त्याची चाल शंका, वाचन, खंडन आणि निश्चय अशी आहे. अंधार सरतो आणि पहाट होते, हे नावच सांगते. मागच्या आयुष्याची गणना अर्थातच अंधारात होते.

टिळकांनी हा पायंडा मोडला, आणि माझ्या मते हेच त्यांचे मोठेपण. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पुलावरून आलेला माणूस पूल जाळीत नाही. इंग्रजी चालींवर बसवलेली गीते मराठी गळ्याला परकी वाटतात, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, पद, कीर्तन ही आपली जुनी भांडी नव्या प्रसादासाठी घासूनपुसून काढली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. रविवारी नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चवरून जाताना आतून टाळमृदंगाचा आवाज आला, तर त्यामागे टिळकांचा हात आहे असे खुशाल समजावे.

मात्र टीकाकाराने भक्तिभावाने गप्प बसू नये. टिळकांचे सगळेच अभंग सारख्या कसाचे नाहीत. ते जेव्हा देवाशी बोलतात, रुसतात, हट्ट धरतात, ‘मी तुझा’ म्हणून पायाशी बसतात, तेव्हा त्यांची वाणी तुकोबांच्या अंगणात वाढलेली वाटते. पण जेव्हा ते आपल्याकडे वळून ‘तुम्हीही या’ असे सांगू लागतात, तेव्हा शब्द ढिले पडतात आणि उपदेशकाचे बोट वर होते. जे देवाला सांगितले ते आपण चोरून ऐकतो आणि हेलावतो. जे मुद्दाम आपल्यालाच सांगितले ते आदराने ऐकून घेतो आणि विसरतो. धर्मप्रसाराच्या वाङ्मयाची ही जुनी अडचण आहे, आणि कोणताही धर्म तिला अपवाद नाही.

टिळकांना ही अडचण उमगली असावी. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते, तरी मिशनच्या वेतनावर राहून केलेला उपदेश लोकांना चाकरी वाटतो, हे शल्य त्यांना बोचत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारे नव्हते, पण तुकोबांच्या पुलावरून आलेल्या माणसाला ते शोभणारे होते. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा अंत झाला.

ही झाली नवऱ्याची हाक. चरित्रकाराने लिहिली असती तर ती येथेच संपली असती. पण हे चरित्र त्यांच्या पत्नीने लिहिले, आणि पत्नीला हाकेचा खर्चही ठाऊक असतो.

‘स्मृतिचित्रां’तले टिळक संत नाहीत. ते तापट आहेत, विसरभोळे आहेत, न सांगता घर सोडून जाणारे आहेत. घरात दाणा नसताना हातातला पैसा दुसऱ्याला देऊन येणारे आहेत. त्यांची उदारता जगाला दिसते. तिचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी होतो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाला होत्या. नवरा जिवंत, आणि तरी संसार बुडालेला. सुमारे साडेचार वर्षे हा वियोग चालला. एका माणसाला स्वर्गाची वाट सापडली आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या पायाखालची जमीन गेली. धर्मांतराच्या कहाण्यांत हा दुसरा माणूस बहुधा नसतोच. येथे तोच कथा सांगतो आहे.

आणि कशी सांगतो! तक्रारीचा सूर नाही, की क्षमेचा आवही नाही. रडण्याच्या प्रसंगी बाईंना हसू सुचते, आणि हसून झाल्यावर आपल्या ध्यानात येते की हा प्रसंग रडण्याचाच होता. टिळकांवर त्यांचा जीव होता. म्हणूनच त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याची गरज त्यांना भासली नाही.

आता त्यांच्या स्वतःच्या हाकेकडे येऊ. लक्ष्मीबाई शेवटी नगरला टिळकांजवळ आल्या, पण सोवळे बरोबर घेऊन आल्या. त्यांच्या सोवळ्याला बाध येऊ नये, अशी व्यवस्था टिळकांनी ठेवली. वादात बृहस्पती असलेला हा माणूस घरात मात्र वाद जिंकायला निघाला नाही. पुढे जे घडले ते हळूहळू, स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीपाशी घडले. आधी मनातून जात गेली. माणसांत उच्चनीच देवाने केले नाही, हे त्यांचे त्यांना पटले. मग धर्म आला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे पुस्तकाची बांधणी लक्षात घेण्यासारखी आहे. ‘स्मृतिचित्रां’ची सुरुवातच सोवळ्यापासून होते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातली वस्तू धुतल्याखेरीज घरात येईना, आणि धुण्याच्या त्या कामात बायकापोरांचे हाल झाले. वाचक हे प्रकरण हसत हसत वाचतो आणि पुढे जातो. पण कित्येक प्रकरणांनंतर जेव्हा लक्ष्मीबाई शिवाशीव सोडतात, तेव्हा कळते की या निर्णयाचे बी पहिल्याच पानावर पडले होते. त्यांना बायबलने पटवले, त्याआधी त्यांच्या माहेरच्या पाणवठ्याने पटवले होते. टिळक पुस्तक वाचून ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाई आयुष्य वाचून गेल्या. हाक एकाच घरात दोनदा आली, आणि दुसरी हाक पहिलीचा प्रतिध्वनी नव्हती.

म्हणून धर्मप्रसार म्हणजे काय, याचे लक्ष्मीबाईंचे उत्तरही वेगळे आहे. दुष्काळाच्या साली राहुरीस अनाथ मुलांना आंघोळ घालणे, जेवू घालणे, त्यांच्या खोड्या सोसणे, हे त्यांचे प्रवचन. घरात येईल त्याला ताट वाढणे ही त्यांची उपासना. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांना त्र्यंबक ठोंबरे हा मुलगा भेटला आणि पुढे तो त्यांच्या नगरच्या घरी येऊन राहिला. तेच आपले बालकवी. या घरात ते लाडाने वाढले आणि हिंदूच राहिले. माझ्या दृष्टीने टिळक दांपत्याच्या श्रद्धेचा याहून चांगला दाखला नाही.

लक्ष्मीबाईंनी दुसऱ्या पद्धतीनेही श्रद्धा सांगितली आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले आणि अकराव्या अध्यायापाशी ते अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहून काव्य पुरे केले. ते काम थक्क करणारे आहे. पण कबूल केले पाहिजे, की ‘ख्रिस्तायन’ आदराने कपाटात राहिले आणि ‘स्मृतिचित्रे’ हातोहात फिरले. कारण तेच. पहिल्यात बाई सर्वांना ठाऊक असलेली कथा सांगतात आणि ओवी सांभाळतात. दुसऱ्यात स्वतःची कथा सांगतात आणि काहीच सांभाळीत नाहीत. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी आठवणी हव्या होत्या. आईने लिहायला घेतले आणि साधनाचेच साहित्य झाले.

एक उणीव मात्र बोलून दाखवली पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग वस्त्यांतून आला. शेकडो घरांनी ती हाक ऐकली, आणि त्यांना तिच्यात शाळेची पाटी, पाणवठा आणि माणूस म्हणून मिळालेले नाव ऐकू आले. टिळकांच्या घराने जात सोडली. या घरांना जातीने सोडावे म्हणून झगडावे लागले, आणि चर्चमध्ये गेल्यावरही तो झगडा नेहमी संपला असे नाही. ‘स्मृतिचित्रां’त ही माणसे येतात, प्रेमाने येतात, पण कडेकडेने येतात. हा लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे. त्यांनी आपले पाहिलेले लिहिले. दोष असलाच तर आपला आहे. एक ब्राह्मण घर ख्रिस्ती झाले ही गोष्ट आपण नव्वद वर्षे आवडीने वाचली, आणि एका महारवाड्याने तीच हाक कशी ऐकली, हे विचारायला फारसे गेलो नाही. कपाटात त्या पुस्तकाची जागा अजून रिकामी आहे.

ती भरली तर ती उपदेशाने भरू नये. आगगाडीतल्या त्या अनामिक गृहस्थांनी एक पुस्तक दिले, चार शब्द बोलले आणि ते निघून गेले. लक्ष्मीबाईंना बोलावताना टिळकांनीही अखेर तेच केले. दार उघडे ठेवले आणि त्यांचे पाणी वेगळे भरू दिले. आपल्या श्रद्धेविषयी दुसऱ्याला सांगावेसे वाटणे हे माणसाच्या स्वभावातच आहे. फराळाचे ताट शेजारी पाठवताना आपणही थोडे तेच करीत असतो. पाठवावे, आणि शेजाऱ्याने कधी, किती खावे, हे त्याच्यावर सोपवावे. यंदाच्या सुटीत ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात घ्याल, तेव्हा सोवळ्याच्या त्या पहिल्या प्रकरणाला हसून झाल्यावर पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. लक्ष्मीबाईंची हाक तेथूनच ऐकू येऊ लागते.